भुताला गाव लागतं

‘छोरी 2’ पाहून मी चिडलो आणि ती चीड अजून उतरलेली नाही. एप्रिल 2025 मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेला हा सिनेमा 2021 च्या ‘छोरी’चा पुढचा भाग. आणि ‘छोरी’ म्हणजे 2017 च्या आपल्या ‘लपाछपी’चा हिंदी अवतार. तिन्हींचा दिग्दर्शक एकच, विशाल फुरिया. त्यामुळे ‘आमचं चोरलं हो’ अशी बोंब मारायचीही सोय नाही. घरच्याच माणसानं घरचं भूत नेलं.

रिमेकबद्दल नाक मुरडायचा अधिकार माझ्यासारख्या नाशिककराला तसाही नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी आपला 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ 1917 मध्ये स्वतःच पुन्हा काढला. तेव्हा एक गोष्ट दोनदा सांगण्यात काही पाप नाही. माझं भांडण वेगळं आहे. भूत एका गावातून उचलून दुसऱ्या गावात नेताना वाटेत काय सांडतं, हे कुणी पाहत का नाही?

‘लपाछपी’त आठ महिन्यांची गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या मधोमध असलेल्या एका घरात येते. भीतीचे बरेचसे प्रसंग भर उन्हात घडतात. ना अमावास्या, ना कुरकुरणारा दरवाजा. फक्त ऊस. निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. आमच्याकडे दिवेलागणीला उसाच्या कडेनं जाताना माणसं मुद्दाम मोठ्यानं बोलतात, मोबाइलवर गाणी लावतात, कारण आत बिबट्या असू शकतो. पाचट वाजलं की ते वाऱ्यानं वाजलं की कशानं, हे कळायला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणभरावर फुरियांनी आख्खा सिनेमा उभा केला. त्यात उषा नाईकांची तुळसाबाई. ती ओरडत नाही, डोळे गरागरा फिरवत नाही. सुनेची काळजी घेणाऱ्या कुठल्याही सासुरवाडीच्या बाईसारखी गोड बोलते, खाऊ-पिऊ घालते. त्या मायेतच मेख आहे, हे नेहाच्या (आणि पूजा सावंतच्या चेहऱ्याकडे पाहत आपल्याही) हळूहळू ध्यानात येतं. बाईची भाषा ओळखीची, तिचं घर ओळखीचं, आणि पोटातल्या मुलीबद्दलचा तिचा हिशेबही ओळखीचा.

त्या शेवटच्या ओळखीतच सिनेमाची खरी धार होती. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. फुले-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात भाषण सुरू होत नाही, त्या राज्याला ‘लपाछपी’ सांगत होता की हे तुमच्या उसात पुरलेलं आहे. ‘छोरी’नं तेच घर, तोच ऊस, तीच बाई घेतली आणि बोली उत्तरेकडची केली. त्या बाईच्या भूमिकेतली मीता वशिष्ठ मोठ्या ताकदीची नटी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मुली मारतात ते तिकडचे लोक, हे मुंबई-पुण्याचा प्रेक्षक आधीपासूनच मानून बसलेला असतो. त्याच्या समजुतीला सिनेमानं धक्का दिला नाही, उलट दुजोरा दिला. भयपटानं प्रेक्षकाला निर्दोष सोडलं की उरतात ते दचके. ‘छोरी 2’मध्ये तेही जमिनीखाली गेले. भुयारं, पंथ, सोहा अली खानची दासी माँ, मंत्रतंत्र. हे घर आता कुणाचंच नाही, म्हणून त्याची भीतीही कुणाला नाही.

आता कुणी म्हणेल, मग ‘झपाटलेला’चं काय? ती तर उघड उघड ‘चाइल्ड्स प्ले’ची उचल. आहेच. 1988 चा अमेरिकन सिनेमा महेश कोठाऱ्यांनी 1993 मध्ये मराठीत आणला, मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो इथपासून सगळा सांगाडा तिकडचाच. पण सांगाड्यावर मांस कुठलं चढवलं ते बघा. तिकडे बाहुला जिवंत आहे असं सहा वर्षांचा अँडी सांगतो आणि लहान मूल म्हणून कुणी त्याचं ऐकत नाही. इकडे तेच लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या सांगतो, आणि तो शब्दभ्रमकार आहे! बाहुल्याला बोलतं करणं हाच ज्याचा धंदा, तो बोंबलतोय की बाहुला आपणहून बोलला. कोण विश्वास ठेवणार? या एका बदलानं विनोद आणि भीती एकाच जागेवरून उगवतात. त्याला रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि श्रीरंगपूर नावाचं गाव. बोलक्या बाहुल्यांना हसत आलेल्या महाराष्ट्राला त्या हसण्याचीच भीती घालणं, ही नक्कल नव्हे. तीन वर्षांनी ‘पापी गुडिया’ नावानं हीच गोष्ट हिंदीत आली. ती कुणाला आठवते? ‘झपाटलेला’च्या बाहुल्यातल्या तात्या विंचूचं नाव मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मूळ कृतीवर जीव असल्याशिवाय थट्टासुद्धा जमत नाही. मेल ब्रुक्सनं 1974 मध्ये ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ काढला तेव्हा 1931 च्या मूळ सिनेमातल्या प्रयोगशाळेची यंत्रं शोधून आणून वापरली. आपल्याकडचे अलीकडचे बहुतेक भूत-विनोदी चित्रपट मात्र एक वाडा, चार विनोदवीर आणि पांढरी साडी यांवर भागवतात. त्यांच्याविषयी एवढंच पुरे. 2013 चा ‘झपाटलेला 2’ थ्रीडी होता, याहून त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

उसनं भूत आपल्या गावात वसवण्याचा सर्वांत मोठा दाखला ‘तुंबाड’. स्टीफन किंगच्या कथेतली म्हातारी नारायण धारपांच्या ‘आजी’त आली, तिथून राही अनिल बर्वेच्या सिनेमात साखळदंडांनी बांधलेली दिसली. तीन पावलांत अमेरिकेतून कोकणात. सिनेमा हिंदीत असला तरी त्यातला पाऊस, वाडा आणि लोभ अस्सल आपला. 2018 मध्ये तो जेमतेम चालला. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. प्रेक्षकाला असलं काही कळत नाही, असं म्हणणाऱ्या निर्मात्यांनी हे लिहून ठेवावं.

‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचंही तेच. 2016 च्या पहिल्या पर्वात आकेरीच्या वाड्यात भुताचा बागुलबुवा होता. 2019 चं दुसरं पर्व काळात मागे गेलं आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक जिवंतपणीच कुठल्याही भुतापेक्षा भयंकर निघाले. पुढचा भाग कसा काढावा याचा हा वस्तुपाठ. भूत वाढवू नका, ते ज्या माणसांतून आलं त्यांच्याकडे जा. तिसरं पर्व निघालं नसतं तर बरं झालं असतं.

आणि ‘मुंज्या’? पिंपळावरचा, सोडमुंजेआधी गेलेला बटू. आजी-आजोबांनी आपल्याला दाखवलेला. आदित्य सरपोतदारांनी तो 2024 मध्ये हिंदीतून देशभर नेला आणि तिकीटबारीवर धो धो पैसा ओतला गेला. त्याच्या दोनच वर्षं आधी त्याच दिग्दर्शकानं मराठीत ‘झोंबिवली’ काढला होता. डोंबिवलीच्या पाण्याच्या टंचाईतून आलेले झोंबी! केवढी नामी कल्पना, आणि आपण त्याची म्हणावी तशी कदर केली नाही. मग दिग्दर्शक हिंदीत गेले की आपण गळे काढतो. फुरिया गेले, सरपोतदार गेले, आणि आपलीच भुतं आपण दुसऱ्या भाषेत, दर महिन्याची वर्गणी भरून परत घरी आणतो. ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं नरसूचं भूत 1976 पासून ज्यांच्या डोक्यात बसलं आहे, त्या पिढीला तरी याची लाज वाटायला हवी.

आता ‘झपाटलेला 3’ येऊ घातला आहे, आणि 2004 मध्ये गेलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंना एआयच्या मदतीनं पडद्यावर आणण्याचा मनोदय जाहीर झाला आहे. ओठ लक्ष्याचे हलणार, बोलणार भलताच कुणी. ज्यानं आयुष्यभर बाहुल्याला बोलतं केलं त्या पात्राचाच बाहुला करायचा! तंत्रज्ञ हुशार असतील, कोठाऱ्यांचं मित्रप्रेमही खरं असेल. पण लक्ष्या हा चेहरा नव्हता. तो वेळ साधणारा नट होता, घाबरताना आधी पाय पळायचे आणि मग तोंड. ते यंत्रातून निघणार नाही.

कोठारेसाहेब, तिसरा भाग जरूर काढा. पण तो खर्च एखाद्या नव्या, नाशिकच्या नाहीतर नांदेडच्या एकांकिका स्पर्धेत गाजलेल्या पोरावर करा, आणि लक्ष्याला त्याच्या 1993 च्या सिनेमातच राहू द्या.