डब्याचे झाकण आणि आपल्या कथा

आई अकरा दिवस इस्पितळात होती. त्या काळात एका दुपारी माझा धाकटा भाऊ डब्यासमोर उपाशी बसलेला मला दिसला. डब्यात पोळीभाजी होती, पण त्याला झाकण उघडता येत नव्हते. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. आम्ही घरच्यांनी त्याच्यावर अपार माया केली, पण डबा कधी त्याच्या हाती दिला नव्हता. त्या दुपारनंतर मी विशेष शिक्षणाच्या हस्तपुस्तिका वाचू लागलो आणि अशा मुलांवरची मराठी नाटके, चित्रपट पुन्हा पाहू लागलो. दोन्हींपैकी कशातही माझ्याकडे पदवी नाही. पण दोन्ही शेजारी ठेवल्यावर जे दिसले, ते येथे मांडतो.

जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ने मध्यमवर्गीय घरातला मतिमंद मुलगा मराठी रंगभूमीच्या मध्यभागी आणून बसवला. हे नाटकाचे मोठेच ऋण आहे. अतुल परचुरे यांचा बच्चू आणि दिलीप प्रभावळकर यांनी उभा केलेला बाप प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत. ‘आमच्यामागे याचे कसे?’ या प्रश्नाने नाटक आपल्याला घेरते. प्रश्न खरा आहे, आमच्या घरातलाही तोच होता. मात्र तो आईबापांचा प्रश्न आहे. बच्चूबद्दल सगळे बोलतात. त्याला काय शिकता येईल, हा प्रश्न नाटकाच्या परिघाबाहेरच राहतो.

1991 साली संजय सूरकर यांच्या ‘चौकट राजा’त प्रभावळकर स्वतःच नंदू झाले. येथे तळमळ आहे, कारुण्य आहे आणि नंदूला माणूस म्हणून पाहण्याची इच्छाही आहे. पण कथेचा भार मीनलच्या अपराधभावावर आणि तिच्या संसारातल्या ताणावर पडतो. नंदू इतरांच्या चांगुलपणाची कसोटी ठरतो. 2014 च्या महेश लिमये यांच्या ‘यलो’ने मोठीच झेप घेतली. डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने त्यात स्वतःचीच भूमिका केली. येथे मुलगी शिकते, घाम गाळते, जिंकते. तरीही एक शंका उरते. जिच्या गळ्यात पदक नाही, जी फक्त रिक्षावाल्याकडून सुटे पैसे नीट मोजून घ्यायला शिकली, तिची कथा आपण पाहू का?

शोकांतिका आणि पराक्रम या दोन टोकांच्या मधला सगळा मुलूख आपण मोकळा सोडला आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि या मुलांचे आयुष्य तर तेथेच जाते.

हस्तपुस्तिका त्या मुलखात राहतात. त्या एका कामाचे बारीक तुकडे पाडतात आणि पुष्कळदा शेवटचा तुकडा आधी शिकवायला सांगतात. सदऱ्याचे बटण काजात अर्धे सरकवून द्यायचे, उरलेले मुलाने ओढायचे. काम पुरे झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याचा असतो. मग एकेक पायरी मागे जायचे. आधी हाताला हात धरून, पुढे खुणेने, मग नुसत्या शब्दाने आणि शेवटी काहीच न करता. तक्त्यात मदत कशी घटली याची नोंद होते.

कोणी म्हणेल, यात नाट्य कुठे आहे? मला तर ते ठायी ठायी दिसते. मुलगा बटणाशी झगडतो आहे, शाळेची गाडी खाली येऊन थांबली आहे, आईचा हात आपोआप पुढे येतो आणि ती तो मागे घेते. माया आणि मोकळीक यांच्यातला याहून तीव्र संघर्ष मला ठाऊक नाही. आमच्या आईला तो हात मागे घेणे जमले नाही. मलाही पुष्कळ उशिरा जमले.

या बाबतीत कायदा साहित्याच्या पुढे गेला आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरील अशा व्यक्तींसाठी पालक नेमण्याची सोय केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली, म्हणजे पालकाने त्या व्यक्तीच्या वतीने नव्हे, तर तिच्याबरोबर निर्णय घ्यायचा. आपल्या कथांत मात्र निर्णय अजून इतरच घेताना दिसतात. या कलाकृतींचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण ‘संवेदनशील’ हा एक शब्द वापरून समीक्षेने आपले काम संपवू नये. त्या पात्राला कथेत स्वतःच्या हाताने काय करू दिले आहे, हे तिने विचारावे.

आई आता नाही. भावाला झाकण उघडायला शिकायला चार महिने लागले. घट्ट बसलेले असले तर तो डबा माझ्यापुढे धरतो. मी ते थोडे सैल करतो आणि डबा त्याच्याकडे परत देतो.