तेरा वेढ्यांची गांधीलमाशी

ज्याला विषय कळतो त्यानेच टीका करावी असा नियम झाला, तर निम्मे समीक्षक बेकार होतील. मी तर बी.कॉम., बँकेतला कारकून. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरीही परवा मला एका मोटारीचं परीक्षण करावं लागलं. भाच्याला कॉमर्स सोडून इलेक्ट्रिकल डिप्लोमाला जायचं होतं. भाऊजी म्हणाले, "त्यानं रिमोटची गाडी सुधारलीय म्हणे. तू बघ. तू सांगशील तसं करू."

मूळ कृती तामिया या जपानी कंपनीची 'हॉर्नेट', म्हणजे गांधीलमाशी. पहिली आवृत्ती १९८४ ची, दुसरी २००४ ची. (माझ्या विनोदी लेखसंग्रहाची पहिलीच अजून माळ्यावर आहे.) पोटात ५४० जातीची मोटार : कडेला चुंबक, मध्ये तीन दातांचं आर्मेचर, दर दाताला तांब्याच्या तारेचे सत्तावीस वेढे. धावते बेताने, खड्ड्यात बेडकासारखी उडते. पण स्वभाव गरीब.

भाच्याने पंप दुरुस्त करणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडून जाड तार आणली आणि सत्ताविसाचे तेरा वेढे केले.

"मामा, मोटार फिरताना स्वतःच उलटा दाब तयार करते. तो बॅटरीच्या दाबाला भिडेपर्यंत तिचा वेग वाढतो. वेढे निम्मे, की तेवढ्याच दाबासाठी तिला दुप्पट पळावं लागतं."

हे मला ताबडतोब कळलं. खर्च पगाराला भिडेपर्यंत आमचंही असंच चालतं.

प्रयोग सोसायटीच्या आवारात झाला. पहिला अंक अप्रतिम! गाडी सुटली ती दिसलीच नाही. वॉचमनचा डबा आडवा झाला तेव्हा कळलं की ती तिथून गेली. दुसऱ्या अंकात धूर निघाला. तिसरा अंक झालाच नाही.

आता दोष. एक : वेढे निम्मे झाल्यावर तेवढ्याच करंटमध्ये जोरही निम्माच मिळतो, म्हणून मोटार करंट भरमसाट ओढते. ठेव न ठेवता नुसते पैसे काढणाऱ्या खातेदाराचं जे होतं, तेच बॅटरीचं झालं. दोन : मोटार बदलली, पण तिच्या दांड्यावरचं दातेरी चाक जुनंच ठेवलं, ते लहान घ्यायला हवं होतं. तीन : जाणते कारागीर वेढे इपॉक्सीने बांधतात आणि आर्मेचरला बारीक भोकं पाडून तोल साधतात. इथे संपादन शून्य. एकंदरीत मूळ कृती सरस, रूपांतर फसलेलं.

हा निकाल भाऊजींना सांगायला उठलो, तर पोरगं कोपऱ्यात बसलेलं. रडत नव्हतं. जळकी तार सोडवत एकेका दातावरचे वेढे मोजत होतं. तेरा. तेरा. बारा.

"मामा, सापडला! एक वेढा कमी पडला, म्हणून थरथरत होती."

ट्रायल बॅलन्समधला एक रुपयाचा फरक शोधायला मी रात्री अकरापर्यंत बँकेत बसलोय. तो सापडल्यावर चेहरा कसा होतो, ते मला ठाऊक आहे. फक्त माझे रुपये दुसऱ्याचे होते. त्याचा वेढा त्याचा स्वतःचा होता.

बाहेर येऊन म्हटलं, "भाऊजी, गाडी नापास. फॉर्म आणा."