भुतांची जात

या उन्हाळ्यात पुण्यात महिनाभर मुक्काम होता. तेवढ्यात मी दोन प्रकारची पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली. एका बाजूला लोककथा-लोकसमजुतींचे संग्रह, दुसऱ्या बाजूला मराठी भयकथा. पहिली अभ्यासक वाचतात, दुसरी वाचनालयातून हातोहात जातात. दोन्हींकडे आपण दलित वाचक सहसा फिरकत नाही. 1956 नंतर श्राद्ध-पिंडदान नाकारलेल्या समाजाला भुतांचे काय, असा आपला समज. मला तो पुरेसा वाटत नाही. भूत खोटे असेल. पण भीती कोणी कोणाला घातली, हा प्रश्न खरा आहे.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला 1909 साली अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. या जॅक्सनने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती जमवल्या होत्या. पुढे एन्थोव्हेनने त्या इंग्रजीत छापल्या. कोकणच्या भागात भुतांची नामावळी आहे, ती मुळातून वाचावी. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मण मुलगा तो मुंजा. लग्नानंतर मेलेला शूद्र तो देवचार. मुसलमान किंवा हबशी मेला तर खवीस. बाळंतपणात गेलेली बाई हडळ. म्हणजे देह जळाला, राख झाली, पण जात जळाली नाही! वर्णव्यवस्थेने स्मशानाच्या पलीकडेही खातेवही उघडून ठेवली आहे, आणि ही वही भरणारे बहुतेक मास्तर कोणत्या थरातले होते हे वेगळे सांगायला नको. रात्री गावची सीव राखणारा, मयताचा सांगावा घेऊन परगावी जाणारा, मेलेले ढोर ओढणारा महार होता. अंधाराची सगळी माहिती त्याच्याजवळ होती. त्याला कोणी विचारले?

आमचा बुलडाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडात, म्हणून तो या संग्रहात नाही. पण लोणारची कथा सर्वांना ठाऊक आहे. लवणासुर जमिनीखाली राहत होता, विष्णूने देखणे रूप घेऊन त्याच्या बहिणींना भुलवले, त्यांच्याकडून जागा काढून घेतली, झाकण उडवले आणि त्याला मारले. तळ्याचे पाणी म्हणजे त्याचे रक्त. लोणारला दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे. दैत्याच्या नावाने काय आहे तर खारे पाणी. विज्ञान सांगते की हे विवर उल्काघाताचे आहे, ते मान्यच आहे. पण कथेतली फसवणूक कथेनेच कबूल केली आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलट्या बाजूने वाचून दाखवल्या. त्या वाटेने लोणारपर्यंत आपले किती अभ्यासक आले?

आता भयकथा. नारायण धारप हे मोठ्या ताकदीचे लेखक, यात वाद नाही. अंधारी खोली, जिन्यावरचा आवाज ते असा उभा करतात की पान उलटताना हात थबकतो. पण त्यांचे समर्थ जे संकट निवारतात ते बहुधा घर असलेल्याचे संकट असते. वाडा, तळघर, वारसा – भीती मालकाची आहे. वाड्याच्या पायात कोण गाडले आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. ते 1855 सालीच विचारले गेले होते. फुल्यांच्या शाळेतली मुलगी मुक्ता साळवे हिने ‘ज्ञानोदया’तल्या निबंधात लिहिले की मांगांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत असत. माझ्या मते मराठीतल्या भयलेखनाचा इतिहास तिथून सुरू करायला हवा. फरक एवढाच की इथे बोलणारी पुरलेल्यांची लेक आहे.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ त्याच वंशातली. खाण बंद पडली म्हणून भीमा मढी उकरून सोने काढतो. रात्र आहे, स्मशान आहे, मढ्यावर तुटून पडणारी कोल्ही आहेत. भूत मात्र नाही. भीमाला भुताची भीती वाटत नाही, त्याला उद्याच्या चुलीची वाटते. मढ्याच्या जबड्यात बोटे अडकतात, पुढे ती कापावी लागतात आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू होणार असल्याची बातमी येते. ती बातमी वाचताना जो शहारा येतो, तो मला सबंध उन्हाळ्यात दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने दिला नाही.

हे सारे आमच्याकडे नुसते वाङ्मय नाही. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेत ‘बाहेरचे’ झालेली माणसे आणली जातात, त्यांत बायका किती! सर्व धर्मांची, आणि बहुतेक गरीब. तमिळनाडूतल्या एरवाडीत 2001 साली साखळदंडात बांधलेली अठ्ठावीस माणसे आगीत मेली. आपल्याकडे दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 साली, जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला पकडतो. पण बाईच्या अंगात येते तेव्हा ती काय बोलते, कोणाचे नाव घेते, कोणत्या वाड्याचे, कोणत्या शेताचे, हे लिहून घेणारा अजून तिच्या जवळ बसलेला नाही. जॅक्सनच्या मास्तरांनी ते केले नाही. आज आपल्यातलेच कितीतरी मास्तर आहेत, आणि मेहकर-लोणारच्या वस्त्यांमध्ये सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत.