शीर्षकात सुपरकार्स, प्रयोगात एकच गाडी

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला एक प्रश्न हमखास येतो: "यात नवीन काय?" मला तो आला तेव्हा मी बराच वेळ गप्प उभा होतो, आणि नंतर जे बोललो ते न बोललेलंच बरं होतं. म्हणून आज मुद्दाम असा पेपर घेतलाय, ज्याच्या लेखकांना हा प्रश्न कुणीही सहज विचारू शकेल. आणि त्यांच्याकडे उत्तर आहे.

पेपर २०१९ चा, बेल्जियममधल्या केयू लुव्हन विद्यापीठातल्या लेनर्ट वाउटर्स आणि सहकाऱ्यांचा. नाव 'फास्ट, फ्युरिअस अँड इनसिक्युअर'. विषय असा: महागड्या वेगवान गाड्यांची चावी खिशातच राहते, तुम्ही जवळ गेलात की दार उघडतं, बटण दाबलं की गाडी सुरू होते. तर ही चावी कितपत सुरक्षित आहे? त्यांनी टेस्ला मॉडेल एस घेतली, तिची सगळी यंत्रणा उलगडली आणि काही सेकंदांत चावीची नक्कल करून दाखवली.

आता अडचण बघा. या चावीत डीएसटी४० नावाचा सायफर आहे. तो २००५ मध्येच मोडला गेला होता. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या गटाने १६ एफपीजीए एकत्र चालवून तासाभराच्या आत त्याची गुप्त संख्या काढली होती, आणि तीच पद्धत वापरून फोर्डची एक गाडीही सुरू केली होती. मग चौदा वर्षांनी त्याच सायफरवर पेपर कशाला?

कारण नवीन गोष्ट सायफरमध्ये नाहीच. ती संवादात आहे. हा भाग जरा सावकाश वाचा. (खाली 'चावी' म्हणजे खिशातली वस्तू आणि 'की' म्हणजे तिच्यात साठवलेली गुप्त संख्या, एवढं लक्षात ठेवा.)

गाडी सतत एक हाक मारत असते. त्या हाकेत तिचा दोन बाइटचा ओळख क्रमांक असतो. आपल्या गाडीचा क्रमांक ऐकला की चावी जागी होते. मग गाडी एक ४० बिटचं चॅलेंज पाठवते, चावी आपली ४० बिटची की वापरून २४ बिटचं उत्तर देते. उत्तर बरोबर आलं की दार उघडतं. म्हणजे चावीने गाडीला पटवून द्यायचं की मी खरी आहे. पण गाडीने चावीला काही पटवून द्यायचं का? नाही! ज्याला तो दोन बाइटचा क्रमांक माहीत आहे, त्या कुणालाही चावी उत्तर देते. आणि क्रमांक तर गाडी स्वतःच हवेत ओरडून सांगते आहे.

यातून पुढचं सगळं निघतं. चावीला कुणीही प्रश्न विचारू शकत असेल, तर चोर प्रत्येक वेळी एकच ठरलेला प्रश्न विचारेल. प्रश्न ठरलेला असेल तर सगळ्या शक्य कींसाठी त्याची उत्तरं घरी बसून आधीच काढून ठेवता येतील. ४० बिटच्या की किती? साधारण १.१ लाख कोटी. प्रत्येकीला पाच बाइट धरले तर हिशेब साडेपाच टेराबाइटच्या आसपास जातो. एका पोर्टेबल हार्ड डिस्कचं काम. उत्तर २४ बिटचं असल्यामुळे एका उत्तराला सरासरी ६५,५३६ की जुळतात. दुसरा एक प्रश्न विचारला की त्यातली नेमकी एक उरते. एवढं तपासायला छोट्या रास्पबेरी पायलाही दोन सेकंद पुरतात. चोराला मालकाच्या तीनेक फूट जवळ क्षणभर उभं राहावं लागतं, बस्स. सगळं सामान सहाशे डॉलरच्या आसपास.

आधी हिशेब करून ठेवण्याची युक्ती जुनीच, १९८० पासून माहीत असलेली. सायफरही जुना. पण चावी कुणालाही उत्तर देते हे उघडून दाखवणं आणि त्यापासून गाडी सुरू होईपर्यंतची पूर्ण साखळी जोडून दाखवणं, हे त्यांचं. "यात नवीन काय?" याला इतकं सुटसुटीत उत्तर फार कमी पेपरांकडे असतं.

आता माझ्या तक्रारी. पहिली शीर्षकाबद्दल. उपशीर्षकात 'मॉडर्न सुपरकार्स' असं आहे, तेही अनेकवचनी. प्रयोग झाला मॉडेल एसवर, जी वेगवान आहे हे खरं, पण शेवटी चार दारांची सेडान! मॅकलॅरेन, कर्मा आणि ट्रायम्फच्या मोटरसायकलींचा उल्लेख येतो तो एका तर्काने: त्यांचीही यंत्रणा पेक्ट्रॉन याच पुरवठादाराची, म्हणून हे निष्कर्ष बहुधा त्यांनाही लागू असावेत. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये ही 'बहुधा'ची सावधगिरी आहे. शीर्षकात ती गळली आहे. मॅकलॅरेनने नंतर ग्राहकांना सावध केलं, सिग्नल अडवणारी पाकिटं फुकट देऊ केली, म्हणजे तर्कात दम होता. पण कंपनीने पाकीट वाटणं हा प्रयोग नव्हे. शीर्षक बघून पेपर साइट करणारे आपल्यात कमी नाहीत, म्हणून हे खटकतं.

दुसरी तक्रार पेपरपेक्षा तो वाचणाऱ्यांबद्दल जास्त आहे. बातम्यांमधून हा पेपर 'गाडी चोरी'चा पेपर झाला. पण त्यात मोजलंय ते चावीची नक्कल होते का, एवढंच. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या फ्रान्सियाँ, डानेव्ह आणि चापकुन यांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर दाखवलं होतं, की सायफरला हातही न लावता चावीचा सिग्नल फक्त लांबवर पोचवून गाडी नेता येते. तिथे सायफर कितीही पक्का असला तरी उपयोग नाही. फरक असा, की सिग्नल लांबवणाऱ्याला चावी जवळपास आहे तोवरच संधी. नक्कल करणाऱ्याकडे मात्र चावी कायमची राहते. माझ्या मते या पेपरचं खरं वजन इथे आहे, आणि चर्चेत नेमकं तेच मागे पडतं.

उपायाचंही तसंच. संशोधकांनी ऑगस्ट २०१७ मध्ये टेस्लाला कळवलं, कंपनीने दहा हजार डॉलरचं बक्षीस दिलं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये गाडी चालवण्याआधी पिन टाकण्याची सोय आली. चांगली सोय आहे. पण पिन गाडी हलू देत नाही, दार उघडण्यापासून अडवत नाही. नक्कल केलेल्या चावीने दार उघडून मागच्या सीटवरचा लॅपटॉप उचलणाऱ्याला पिनशी काय देणंघेणं? 'गाडी सुरक्षित झाली' असं वाक्य कुठे दिसलं की विचारा: गाडी जाण्यापासून, की गाडीतलं सामान जाण्यापासून?

टेस्लाने पुढे नवी चावी आणली, ८० बिटची. की दुप्पट लांब झाली म्हणजे सगळ्या की तपासून बघायचं काम दुप्पट नव्हे, तर १.१ लाख कोटी पट वाढायला हवं होतं. २०१९ मध्ये वाउटर्स यांनी तीही उघडली. मांडणीतल्या एका चुकीमुळे ती ८० बिटची की ४०-४० बिटच्या दोन कींसारखी फोडता येत होती. काम फक्त दुप्पट झालं होतं.