भिंतीला नाक टेकवून

सत्यजित राय यांनी १९७२ साली आपल्या मास्तरांवर एक माहितीपट केला, ‘द इनर आय’. जेमतेम वीस मिनिटांचा. मास्तर म्हणजे बिनोद बिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनात सगळ्यांचे बिनोददा. राय १९४० साली तिथल्या कलाभवनात शिकायला गेले आणि १९४२ सरता सरता अभ्यासक्रम अर्धा टाकून कलकत्त्याला परतले. शागिर्दी मोजून अडीच वर्षांची. ऋण फेडायला मात्र तीस वर्षं लागली, आणि तोवर बिनोददांना आपल्यावरचा चित्रपट पाहता येण्याची सोय उरली नव्हती.

त्यांचा एक डोळा जन्मापासूनच निकामी, दुसरा कमालीचा अधू. पन्नाशी उलटल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि होती नव्हती ती नजरही गेली. एवढा ऐवज हाताशी असताना डोळ्यांत पाणी काढणं किती सोपं होतं! राय त्या वाटेला फिरकतच नाहीत. निवेदन त्यांचंच, स्वतःच्या आवाजात, पण ओळखीच्या माणसाबद्दल बोलताना आपण मुद्दाम आवाज सपाट ठेवतो ना, तसं. गुरूबद्दलचा जिव्हाळा शोधायचा तर शब्दांत नाही, कॅमेऱ्याच्या चालीत शोधावा लागतो.

हिंदी भवनातल्या भित्तिचित्राचा भाग त्यासाठी पुन्हा पुन्हा पाहावा. १९४६-४७ मध्ये बिनोददांनी तिथे तीन भिंतींच्या वरच्या भागात मध्ययुगीन संतांचं आयुष्य रंगवलं. लांबी साधारण ८० फूट. ओल्या गिलाव्यावर थेट रंग, म्हणजे गिलावा सुकायच्या आत त्या दिवसाचा तुकडा पुरा झालाच पाहिजे. चुकलं तर खरवडून काढा. मापाचा आराखडा आधी भिंतीवर उतरवलेला नाही. आणि हे करणारा माणूस असा, की भिंतीला जवळजवळ नाक टेकवल्याशिवाय त्याला रेघ दिसत नाही. चार पावलं मागे सरून डोळे बारीक करून ‘जमलंय का’ बघणं, ही प्रत्येक चित्रकाराची सवय. बिनोददांना तिचा काय उपयोग? ८० फुटांचा तो अख्खा जमाव डोक्यात उभा होता, भिंतीवर आला तो वीतवीतभर.

रायांचा कॅमेरा नेमका तसाच चालतो. चित्राच्या जवळ राहून तो सरकत जातो. एक उंच, शिडशिडीत आकृती, तिच्या खांद्याआडून दुसरी, मग घोळका, मग पुढची भिंत. नदी जशी काठाकाठाने पाहावी, तसं ते चित्र पाहायला मिळतं. अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यात बॅटरीच्या झोतामागून फिरलेल्या कुणालाही ही पाहण्याची रीत ओळखीची वाटेल. भिंत एकदम दिसत नाही, उलगडत येते. विद्यार्थी असताना राय अजिंठा-वेरूळ पाहून गेले होते. मला तर वाटतं, चित्रपट काढायची अक्कल त्यांना सिनेमागृहांत जेवढी आली, तेवढीच अशा भिंतींपुढे आली असावी.

मधला चरित्राचा भाग मला जरा धावता वाटतो. जपान, नेपाळ, मसुरी ही नावं येतात आणि निघून जातात. वीस मिनिटांत आणखी काय होणार, हेही खरं. पण कॅमेरा वर्तमानात आला की पुन्हा स्थिरावतो.

वर्तमान म्हणजे काळा चष्मा लावलेले, साठी ओलांडलेले बिनोददा. काम थांबलेलं नाही. कागदाच्या घड्या घालून कात्रीने आकार कापायचे, मेणाच्या छोट्या मूर्ती घडवायच्या, कलाभवनाच्या भिंतीसाठी फरश्यांचं मोठं चित्र जुळवायचं. अखेरीस पडद्यावर त्यांचंच एक विधान येतं: आंधळेपण ही त्यांच्या लेखी एक नवी जाणीव, नवा अनुभव. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याला पोकळ धीर म्हणालो असतो. इथे तसं म्हणवत नाही, कारण त्याआधी त्यांचे हात पाहिलेले असतात. डावा हात कागद चाचपत पुढे जातो, कुठवर आलो ते सांगतो. मागून उजवा पेन घेऊन येतो आणि रेघ उठते. न डगमगता, एका दमात.

राय त्या हातांजवळ थांबून राहतात. काही विचारत नाहीत.