लीळाचरित्र आणि लेखनाभ्यासाची शिस्त

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी दोन समजुती दृढ झालेल्या आढळतात. लेखनगुण उपजत असतो, ही पहिली. भाषा जितकी भारदस्त तितके लेखन विद्वत्तेचे, ही दुसरी. पहिलीमुळे प्रयत्न खुंटतो आणि दुसरीमुळे तो भलत्याच दिशेला वळतो. या समजुतींची परीक्षा करावयाची तर लेखनकलेवरील उपदेशपर पुस्तकांपेक्षा मराठीतील आद्य गद्यग्रंथ अधिक उपयोगी पडेल. लीळाचरित्र हा पंथीय श्रद्धेचा ग्रंथ आहे, भाषेतिहासाचे साधन आहे. त्याचबरोबर तो लेखनसवयींचा एक विलक्षण पुरावाही आहे.

श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने रिद्धपूर येथे एकत्र केल्या. या ग्रंथाचा काळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या (इ. स. १२९०) आधीचा, मानला जातो. म्हाइंभट हा शास्त्रे पढलेला पंडित होता. वादविवादाच्या हौसेनेच तो चक्रधरांकडे प्रथम आला. अशा माणसाच्या हातून ग्रंथ व्हावा तर तो संस्कृतप्रचुर, अलंकारयुक्त आणि खंडनमंडनाने भरलेला व्हावा, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात हाती आली ती लहान लहान वाक्यांची, बोलीच्या वळणाची लीळा. म्हणजे येथील साधेपणा अज्ञानातून आलेला नव्हे. पांडित्य जवळ असताना ते बाजूला ठेवण्याची ही शिस्त आहे, आणि तीच प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

या शिस्तीची अंगे ग्रंथातच दिसतात. पहिले अंग पृच्छेचे. पंथपरंपरेनुसार म्हाइंभटाने नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकल्या. एवढ्यावर न थांबता ज्यांना ज्यांना चक्रधरांचे सान्निध्य लाभले होते त्यांना गाठून विचारले, आणि मिळालेली आठवण आचार्यांपुढे ठेवून पारखून घेतली. दुसरे अंग तपशिलाचे. कोणते गाव, कोणते देऊळ, कोण जवळ होते, कोणी काय विचारले, हे आधी. बोध नंतर, आणि तोही त्या प्रसंगातूनच. तिसरे अंग शब्दनिष्ठेचे. गोविंदप्रभूंच्या चरित्रात हे अंग फार स्पष्ट होते. त्या अवलिया पुरुषाचे तुटक, पुनरुक्तीचे, क्वचित शिवराळ बोलणे पुढे मांडताना लेखकाने ते सभ्य करून घेतले नाही. गुरूविषयीचा आदर आणि गुरूच्या शब्दांविषयीचा आदर या दोहोंत विरोध आला असता बहुतेक भक्त पहिल्याची निवड करतील. म्हाइंभटाने दुसऱ्याची केली, आणि त्यामुळेच तेराव्या शतकातील एका व्यक्तीचा आवाज आजही ऐकू येतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्बळ नाही. म्हाइंभटाची मूळ पोथी शिल्लक नाही. देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती नष्ट झाली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती अशा अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. हिराइसेच्या स्मरणावर आधारलेल्या पाठाला या परंपरेत मान आहे. मग आज उपलब्ध असलेल्या ग्रंथातील गुण म्हाइंभटाचे कशावरून? हे गुण नंतरच्या संकलकांचेही असू शकतील.

आक्षेप मान्य करावा. कारण त्यातून निघणारा निष्कर्ष मूळ सिद्धान्ताला बळकटीच देतो. जे गद्य अनेकांच्या स्मरणातून आणि अनेक लेखनिकांच्या हातून गेले, तरीही ज्याचे स्थळनिर्देश, संवाद व वाक्यांचा आटोपशीरपणा टिकून राहिला, त्या गद्याचा गुण एका व्यक्तीच्या प्रतिभेत बंदिस्त असू शकत नाही. तो एका समूहाने अंगी बाणवलेल्या सवयीत आहे. नंतरच्या संकलकांना एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी मिळाल्या तेव्हा त्यांनी सोयीची तेवढी ठेवून दुसरी पुसून टाकली नाही. ‘वासना’, ‘शोध’ अशा संज्ञांखाली भिन्न स्मरण नोंदवून ठेवले. आपल्या मजकुराविरुद्ध जाणारी माहिती आपल्याच मजकुराशेजारी ठेवणे हे काम प्रतिभेचे नव्हे, प्रामाणिक सवयीचे आहे. आणि जी सवय आहे ती शिकता येते.

संग्रहानंतरची पायरी निवडीची. केसोबासाने चक्रधरांची वचने लीळांतून वेचून सूत्रपाठाची रचना केली, दृष्टान्त वेगळे काढून दृष्टान्तपाठ सिद्ध केला. एकाच सामग्रीतून प्रयोजनानुसार वेगळा ग्रंथ कसा घडतो याचा हा वस्तुपाठ होय. याच केसोबासाला संस्कृतात लिहिण्यापासून नागदेवाचार्यांनी परावृत्त केल्याची हकीकत स्मृतिस्थळात आहे. साध्यासुध्या स्त्रियांना त्या ग्रंथाचा उपयोग होणार नाही, हे त्यामागील कारण. वाचक कोण, हा प्रश्न लेखनापूर्वी विचारण्याची सवयही मराठी गद्याला इतकी जुनी आहे.

अर्थात् या शिस्तीला मर्यादा आहेत. साक्षीदार बहुतेक सर्व अनुयायी आहेत. विरोधकांचे म्हणणे त्यांच्या तोंडून येत नाही. पारखणारे आचार्यही पंथाचेच. लीळाचरित्राला आधुनिक अर्थाने इतिहास म्हणणे त्यामुळे धाडसाचे होईल. श्रद्धेने साक्षीदारांची निवड आखून दिली. मात्र साक्षीदाराचे शब्द बदलण्याची मुभा तिने घेतली नाही. आजच्या संशोधकाला यातील पहिली गोष्ट टाळावयाची आहे, दुसरी घ्यावयाची आहे.

या विवेचनाचा आजच्या विद्यार्थ्याशी संबंध कोणता, हे एका गावाच्या उदाहरणाने दाखविता येईल. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे कोळशाच्या खाणींचे आणि सिमेंट कारखान्याच्या शेजाराचे गाव. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्याचा वणी तालुका लागतो. पूर्वेकडे झाडीबोलीचा प्रदेश, पश्चिमेकडे वऱ्हाडीचा. खाणीच्या निमित्ताने तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबेही येथे स्थिरावलेली. प्रमाण मराठीतील ‘डोळा’ झाडीबोलीत ‘डोरा’ होतो, वऱ्हाडीत ‘डोया’. एका ळकाराची ही तीन रूपे अशा गावाच्या आसपास ऐकू येतात. अशा गावातून आलेला विद्यार्थी प्रबंधिका लिहावयास बसतो तेव्हा मात्र ‘ग्रामीण जीवनाचे विदारक वास्तव’, ‘मातीशी नाळ जोडलेली भाषा’ असली तयार पदे कागदावर उतरतात. ती कोणत्याही गावाविषयी लिहिता येतात. म्हणूनच ती कोणत्याच गावाविषयी नसतात. कानाने ऐकलेला ‘डोरा’ हातातून लिहिला जात नाही, आणि लिहिलाच तर तो कोणाच्या तोंडचा, कोठला, याची नोंद राहत नाही.

हा दोष शब्दसंग्रहाच्या उणिवेचा नाही. तो सवयीचा आहे, म्हणून त्यावरचा उपायही सवयीचाच असावयास हवा. खाणीत अनेक वर्षे पाळी केलेल्या वृद्ध कामगाराला विचारावे. तो जे सांगेल ते त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे. स्थळ, दिनांक व सांगणाराचे बोलणे कोठले हे शेजारी लिहावे. दुसऱ्याने तीच गोष्ट वेगळी सांगितली तर तीही तिथेच ठेवावी. लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवावे. निष्कर्षाचे वाक्य सर्वांत शेवटी लिहावे, आणि ते नोंदींवाचूनही लिहिता आले असते असे वाटल्यास काढून टाकावे. आठवड्यातून एक पान या रीतीने लिहिणारा विद्यार्थी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शंभर पाने जमवील. त्यांतील दहा पाने टिकली तरी प्रबंधिकेला पाया मिळेल.

अध्यापकाची जबाबदारीही येथे येते. सांगून उतरवून घेतलेल्या टिपणांवर जोपर्यंत गुण मिळतात तोपर्यंत विद्यार्थी तीच सवय लावून घेणार. पृच्छा, नोंद, पडताळा आणि निवड या चारही गोष्टींची तपासणी अंतिम प्रबंधिकेआधी, वहीत, झाली पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. लीळाचरित्रासारखे ग्रंथ हे त्या अभिजाततेचे आधार होत. परंतु ज्या ग्रंथाचा गौरव करावयाचा त्याची कार्यपद्धती वर्गात अपरिचित राहिली, तर तो गौरव औपचारिक ठरेल. घुग्घुससारख्या गावात बोलणारी जुनी माणसे कमी होत चालली आहेत. म्हाइंभटाची पोथी नष्ट झाली तेव्हा ती मुखोद्गत असणारी माणसे होती. या माणसांचे बोलणे मात्र आजवर कोणी मुखोद्गत केलेले नाही, आणि लिहूनही घेतलेले नाही. ते काम याच वर्गांतील विद्यार्थ्यांनी करावयाचे आहे.