मारुती कांबळे आणि रहस्यकथेचा साचा

रहस्यकथेचे एक गृहीत असते. खून कोणी केला हे कोणालाच ठाऊक नसते, आणि एखादा हुशार माणूस ते शोधून काढतो. फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो याने १९४२ साली बेल्जियन लेखक स्टीमन याच्या कादंबरीवर काढलेला चित्रपट या साच्याचा उत्तम नमुना आहे. पॅरिसमधला खुनी प्रत्येक प्रेताजवळ आपले कार्ड ठेवतो. इन्स्पेक्टर पाद्र्याच्या वेषात त्याच्या बिऱ्हाडी उतरतो. अखेर कळते की, खुनी एक नसून तिघे आहेत आणि ते एकमेकांना सांभाळून घेत आहेत.

आपल्याकडे सांभाळून घेणारे तिघे नसतात. अख्खे गाव असते. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या 'सामना'ने (१९७५) हे ओळखले, हे त्याचे मोठेपण मान्य केले पाहिजे. साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटलाच्या गावात आलेला मद्यपी मास्तर विचारत राहतो, मारुती कांबळेचे काय झाले? येथे गुन्हा दडलेला नाही, तोंडे दाबलेली आहेत.

परंतु नाशिक रोडला माझ्या वर्गात या चित्रपटावर चर्चा झाली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हा प्रश्न मास्तरच का विचारतात?" हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. १९७२ सालीच दलित पँथर स्थापन झाली होती. कांबळेचे भाऊबंद रस्त्यावर उतरून जाब विचारत होते. पडद्यावर मात्र तो मान एका थकलेल्या गांधीवाद्याकडे गेला. लष्करातून परतलेला कांबळे केवळ निमित्त ठरला, आणि सामना रंगला तो पाटील व मास्तर यांच्यात. कांबळे या आडनावामागची जात तर बाजूलाच राहिली.

हा केवळ कलेचा प्रश्न नाही. २०१४ साली अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली न्यायालयाने सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. तेथे कोणता हुशार इन्स्पेक्टर कामी आला असता?

म्हणून आपल्या लेखकांनी गुप्तहेर शोधत बसू नये. भर कोर्टात जबाब देणारा माणूस रंगवावा. आणि जबाब देऊन तो गावी परततो, तेव्हा त्याचे काय होते, तेही लिहावे.